बुसानला दहा दिवस : खायचं काय, राहायचं कुठं, घ्यायचं काय?

परदेशप्रवासाचे लेख मी आवडीनं वाचते. पण वाचून झाले की एक चुटपुट लागून राहते. समुद्र किती निळा होता आणि इमारती किती उंच होत्या, हे सगळे लिहितात. सकाळचा चहा कुठं मिळाला, मुलांचे कपडे कुठं धुतले, बरोबरच्या वडीलधाऱ्या माणसांच्या जेवणाचं काय केलं, हे मात्र कुणी सांगत नाही. आपल्याला तर तेच हवं असतं, नाही का? म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

२०२३च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही दक्षिण कोरियातल्या बुसान शहरी दहा दिवस होतो. ह्यांच्या कारखान्यानं एका नव्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी ह्यांना महिनाभर तिकडं पाठवलं होतं. माझी शाळा अर्धवेळ, त्यात सुट्टी. मग चौथीतली लेक आणि सासूबाई यांना घेऊन मीही निघाले. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. वर बारा वर्षांचा मधुमेह. “आईला कशाला नेतेस गं वहिनी? तिकडं खाईल काय ती?” वन्सं फोनवर म्हणाल्या. बोलणं खोटं नव्हतं. पण मामंजी गेल्यापासून दोन वर्षं आईंनी देऊळ आणि दवाखाना सोडून कुठं पाऊल टाकलं नव्हतं. मीच हट्ट धरला. आणि हट्ट माझा, म्हणजे त्यांच्या ताटाची जबाबदारीही माझीच, हे ओघानं आलंच.

शहर कसं आहे?

बुसान हे कोरियाच्या दक्षिण टोकाचं बंदर. सोलच्या खालोखाल देशातलं मोठं शहर. मुंबईहून तिथं सरळ विमान नाही. आम्ही सोलला उतरलो आणि तिथून वेगवान रेल्वेनं अडीच-पावणेतीन तासांत बुसानला पोचलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत सगळं शहर दाटीवाटीनं बसलेलं. पाहताक्षणी मुंबईची आठवण होते.

या शहराची एक गोष्ट ठाऊक असली तर तिथलं खाणं आणि बाजार दोन्ही कळायला सोपे जातात. १९५० ते १९५३ या काळात कोरियात मोठं युद्ध झालं. जवळजवळ सगळा देश लढाईत होरपळला. बुसान मात्र हातचं गेलं नाही. तात्पुरती राजधानी इथंच होती. उत्तरेकडून लाखो माणसं जीव घेऊन इथं आली. डोंगराच्या उतारावर झोपड्या बांधल्या, मिळेल ते शिजवलं, मिळेल ते विकलं. आज रंगीबेरंगी घरांसाठी जिचे फोटो काढतात ती गामचोनची वस्ती अशा कष्टी लोकांचीच. घरात काहीच नसताना चार माणसांचं ताट वाढायची वेळ ज्या बाईवर आली असेल, तिला हे शहर चटकन आपलंसं वाटेल.

खायचं काय?

आधी खाणाऱ्यांसाठी सांगते. मांसाहार चालत असेल तर बुसानात चंगळ आहे. ‘द्वेजी गुकबाप’ म्हणजे डुकराच्या मांसाच्या रश्श्यात भात. ‘मिलम्योन’ म्हणजे गव्हाच्या थंडगार शेवया. उत्तरेकडच्या निर्वासितांना बकव्हीटच्या शेवयांची सवय होती. इथं मदत म्हणून आलेलं गव्हाचं पीठ तेवढं हाताशी होतं. त्यांनी त्याच्याच शेवया केल्या, आणि आज लोक त्या खायला मुद्दाम बुसानला येतात! जगालचीचा मासळीबाजार तर ह्यांना आणि लेकीला काय आवडला! खाली जिवंत मासे निवडायचे, वरच्या मजल्यावर ते करून देतात.

आता आपल्यासारख्यांचं. तिथं हॉटेलात जेवण मागवलं की भोवती पाच-सहा वाट्या मांडल्या जातात: मोडाचे दाणे, पालकासारखी भाजी, मुळा, किमची. याला ‘बांचान’ म्हणतात. आपल्या डाव्या-उजव्या बाजूसारखंच, आणि संपलं की पुन्हा फुकट वाढतात. पण सावध! किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचं पाणी असतं. साध्या दिसणाऱ्या सूपचा आधारही सुक्या मासळीचाच. शिवाय ‘मांस नको’ म्हटलं तरी त्यात मासे आलेच असं तिथं धरत नाहीत. म्हणून दोन वाक्यं पाठच करा: “कोगी प्पेगो जुसेयो”, म्हणजे मांस वगळून द्या, आणि “हेमुल्दो प्पेगो जुसेयो”, म्हणजे समुद्रातलंही वगळून द्या. अंड्याला ‘ग्येरान’ म्हणतात.

एवढं करून ‘बिबिमबाप’ मागवावा. भातावर पाच-सहा भाज्या, वर तिखट लाल चटणी, सगळं कालवून खायचं. ‘किमबाप’ म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात. त्यातलं हॅम, अंडं आणि मासळीची वडी काढायला सांगावी लागते. नाम्पो भागात ‘सिआत होत्तोक’ मिळतं. तव्यावर भरपूर चरबट मस्क्यात तळलेली गोड पोळी, कापून आत साखर आणि सूर्यफुलाच्या वगैरे बिया भरलेली. लेक रोज एक खायची.

हे सगळं मी आता ऐटीत सांगतेय, पण पहिले दोन दिवस यातलं काही ठाऊक नव्हतं. आईंनी दोन दिवस केळी, चिवडा आणि खाकरे यांवर काढले. विचारलं की म्हणायच्या, “भूकच नाही गं.” मला कळत होतं की त्या मला अडचणीत टाकत नाहीयेत. कळूनही मी गप्प बसले, ही चूक माझी.

तिसऱ्या दिवशी

तिसऱ्या दिवशी हे कामावर गेले आणि आम्ही तिघी मेट्रोनं नाम्पोला गेलो. गुकजे बाजार पाहायचा होता. साडेअकराचा सुमार. कापडाच्या गल्लीतून चालताना आईंचं बोलणं थांबलं. मी हात धरला तर गार. नोव्हेंबरच्या थंडीत कपाळावर घाम. मला काय ते समजलं: सकाळची गोळी घेतली होती आणि पोटात दोन खाकरे! पर्स उपसली. साखरेच्या पुड्या हॉटेलवरच्या दुसऱ्या पर्समध्ये राहिल्या होत्या.

दहा पावलांवर एक म्हातारी बाई गाडी लावून बसली होती. आखूड कुरळे केस, हातात रबरी मोजे, समोर दोन मोठी पातेली आणि चार बुटकी स्टुलं. मला तिच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. मी आईंना तिथं टेकवलं आणि नुसतं पातेल्याकडं बोट दाखवलं. त्या बाईंनी एकदा आईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं. झटकन वाडगा भरला, वर चमचाभर साखर घातली आणि दोन्ही हातांनी आईंच्या पुढं धरला. आत काळपट लाल, दाट, खिरीसारखं काहीतरी होतं.

“काय आहे गं यात?” आईंनी विचारलं.

लग्नाला तेरा वर्षं झाली. आजवर आईंच्या पानात मी काय वाढतेय हे मला ठाऊक नाही असं एकदाही झालं नव्हतं. “माहीत नाही, आई. गोड आहे. घ्या तुम्ही,” मी म्हटलं.

त्यांनी घेतलं. पहिला घास डोळे मिटून, नंतरचे डोळे उघडे ठेवून. दहा-पंधरा मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. त्या बाईंनी न मागता आणखी अर्धा वाडगा भरला आणि पैसे मात्र एकाचेच घेतले. माझ्या लेकीच्या हातात तांदळाच्या पिठाची एक पांढरी गोळी ठेवली, आणि मग दुसरं गिऱ्हाईक आलं तशी तिकडं वळल्या.

त्या पदार्थाचं नाव ‘पातजुक’. आपल्या लाल चवळीच्या चुलतभावंडासारखे दाणे शिजवून घोटायचे, साखर-मीठ घालायचं आणि तांदळाच्या पिठाच्या गोळ्या सोडायच्या. बस्स. ह्यांच्या ऑफिसातल्या मंडळींनी संध्याकाळी सगळी कृती सांगितली तेव्हा आई म्हणाल्या, “म्हणजे पुरणाची पातळ बहीणच की!”

मधुमेहाचं माणूस बरोबर असेल तर एवढं माझ्या चुकीवरून शिका. साखर प्रत्येक पर्समध्ये हवी. घाम, थरथर, बोलणं थांबणं दिसलं की तीन चमचे साखर किंवा फळांचा रस लगेच द्यावा, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, आणि मग पोटभर खायला घालावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये. ११२ किंवा १०८ नव्हे, तिथं ११९ फिरवायचं.

राहायचं कुठं?

पहिल्या दोन रात्री आम्ही हेउंदेच्या समुद्रकिनाऱ्यावर होतो. एका प्रवासी कंपनीनं ‘सगळ्या सोयी’ म्हणून दिलेली खोली. समुद्र दिसायचा खरा, पण पाणी उकळण्याच्या किटलीपलीकडं सोय काही नव्हती. त्या दुपारी मी ह्यांची वाट न पाहता फोनवरून दुसरी जागा शोधली. संध्याकाळी हे आले तेव्हा आमच्या बॅगा भरून तयार होत्या!

आम्ही गेलो सोम्योनला. हा शहराच्या मधला भाग. मेट्रोची पहिली आणि दुसरी लाइन इथंच भेटते, त्यामुळं कुठंही जायला सोपं. इथं ‘रेसिडेन्स’ म्हणून छोट्या बिऱ्हाडवजा खोल्या मिळतात. ओटा, फ्रीज, कपडे धुण्याचं यंत्र सगळं आत. मुलंबाळं आणि वडील माणसं बरोबर असतील तर हेच घ्या. घेताना ‘ओन्दोल’ आहे का विचारा. ओन्दोल म्हणजे खालून ऊब देणारी जमीन. चपला दारात काढायच्या आणि गादी घालून जमिनीवर झोपायचं. आईंची पाठ त्या उबेनं अशी मोकळी झाली की इकडं आल्यावर त्या अजून फरशीला नावं ठेवतात.

हेउंदे जुलै-ऑगस्टमध्ये फार महाग आणि गर्दीचं. इतर वेळी दोन दिवस समुद्रासाठी चांगलं. बाजारात भटकायचं असेल तर नाम्पो किंवा बुसान स्टेशनजवळ स्वस्त पडतं. ‘मोटेल’ अशी पाटी असलेल्या जागा स्वस्त असतात, पण कुटुंबासाठी निवडताना जरा चौकशी करा, एवढंच सांगते.

आणि एक वेगळी जागा. शहराच्या उत्तरेला डोंगरात बोमोसा हे बौद्ध मंदिर आहे. स्थापना सातव्या शतकातली, ६७८ सालची. तिथं पाहुण्यांना मुक्काम करता येतो, आधी नाव नोंदवावं लागतं. पहाटे उठायचं, घंटा, प्रार्थना, आणि जेवण संपूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे चातुर्मासच की!” आम्ही एक रात्र राहिलो. पानात घेतलेलं टाकायचं नाही, ही तिथली शिस्त लेकीला शाळेपेक्षा लवकर समजली.

ओट्यावरची गंमत

सोम्योनजवळच बुजोन बाजार आहे: भाजी, धान्य, मसाले, जिनसेंग, सगळं. तिथं मला सोललेली मूगडाळ मिळाली! तिचे धिरड्यासारखे पदार्थ ते लोक करतात. तांदूळ मात्र आखूड आणि चिकट; मोकळा भात होत नाही. पण गुरगुट्या भात काय होतो म्हणून सांगू! डाळ-तांदूळ, वर नेलेलं मेतकूट. चौथ्या दिवशी रात्री आई पोटभर जेवल्या आणि मी दोन दिवसांत पहिल्यांदा शांत झोपले.

शेगड्या मात्र बहुतेक इंडक्शनच्या असतात. ॲल्युमिनियमचा कुकर नेलात तर तो नुसता ओझं होईल. जाड बुडाचं, चुंबक चिकटतं असं स्टीलचं एक पातेलं न्या. दही घेताना बिनसाखरेचं आहे का पाहा.

आम्ही गेलो तेव्हा बाजारात कोबीचे ढीग पडले होते. थंडी सुरू झाली की घरोघरच्या बायका एकत्र जमून वर्षाची किमची घालतात. या प्रथेची नोंद २०१३ मध्ये युनेस्कोनंही घेतली. आईंना मी हे सांगितलं, तर त्या त्या ढिगांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, “आमचे कुरडया-पापडांचे दिवस असेच असत.”

घ्यायचं काय?

गुकजे बाजार युद्धाच्या धामधुमीत फोफावला. कापड, भांडी, चष्मे, पांघरुणं, काय वाट्टेल ते. महिन्यातल्या काही रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा विचारून जा. शेजारीच बुप्योंगचा कांगतोंग बाजार. कांगतोंग म्हणजे पत्र्याचा डबा. अमेरिकन लष्कराकडून आलेले डबाबंद पदार्थ इथं विकले जात, म्हणून हे नाव. संध्याकाळी तिथं खाण्याच्या गाड्या लागतात. जवळच बोसुदोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली आहे. युद्धाच्या काळात सुरू झालेली. भाषा येत नसतानाही मी तिथं तास काढला. शिक्षकाची खोड, दुसरं काय!

लग्नाचा बस्ता कोरियातही असतो बरं का! बुसानजिन बाजारात लग्नाचं कापड, पांघरुणं आणि त्यांचा पारंपरिक हानबोक यांची दुकानं मजल्या-मजल्यांवर आहेत. नुसतं पाहायलाही छान वाटतं. मोठ्या झगमगाटाची हौस असेल तर सेंटम सिटीतलं शिनसेगे हे दुकान आहे. जगातलं सर्वांत मोठं डिपार्टमेंट स्टोअर म्हणून २००९ मध्ये गिनेस बुकात त्याची नोंद झाली. आम्ही तिथं दोन तास फिरलो आणि एक पेन्सिल घेतली.

माझी यादी छोटी होती: स्टीलचे लांब दांड्याचे चमचे आणि काड्या, तिळाचं तेल, भाजलेल्या शेवाळाची पाकिटं. आणि मैत्रिणींना द्यायला अंग घासायचे हातमोज्यासारखे खरखरीत रुमाल. नाव ‘इटली टॉवेल’, पण जन्म १९६०च्या दशकातला बुसानचा. वजन नाही, किंमत नगण्य, आणि सगळ्या खूश! तो कसा वापरायचा ते पाहायचं असेल तर दोंगनेच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहात जा. बायकांचा भाग वेगळा असतो, मात्र अंगावर कपडा ठेवायची पद्धत नाही. मी दारातून परत फिरले. आई मात्र म्हणाल्या, “नदीवर वाढलेय मी,” आणि गेल्या!

निघण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

• व्हिसा आधी काढावा लागतो. ताजी फळं, भाज्या, बियाणं बरोबर नेऊ नका. लाडू-चिवड्यासारखा बंद फराळ आणि औषधांच्या चिठ्ठ्या न्या.

• हजार वॉन म्हणजे आम्ही गेलो तेव्हा सुमारे साठ-पासष्ट रुपये. गाड्यांवर रोख लागते. टिप द्यायची पद्धत नाही.

• वीज २२० व्होल्ट, पण प्लग दोन गोल पिनांचे. आपला तीन पिनांचा चालत नाही.

• मेट्रो-बससाठी एकच कार्ड घ्या. रस्ता शोधायला तिथले लोक वापरतात तो ‘नेवर’ नकाशा इंग्रजीतही चालतो. अडचण आली तर १३३० वर इंग्रजीत मदत मिळते.

• भात चमच्यानं खातात. काड्या भातात उभ्या खोचू नका. ते श्राद्धाच्या पानासारखं दिसतं. वडील माणसानं सुरुवात केल्याशिवाय धाकट्यांनी जेवायचं नाही. आईंना हा नियम सर्वांत आवडला.

शेवटच्या दिवशी

जगालचीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांना बुसानचे लोक ‘आजिमे’ म्हणतात. त्यांच्या बोलीत मावशी-काकू असा अर्थ. “ओइसो, बोइसो, साइसो” अशी त्यांची हाक: या, बघा, घ्या. युद्धानंतर कित्येक घरांची चूल अशा बायकांनी पेटती ठेवली. हे मला नंतर कळलं. पातजुकवाल्या बाईंची कहाणी काय होती, ते मात्र मी विचारू शकले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आई म्हणाल्या, “त्या बाजारात जाऊन येऊ. आपण दोघीच.” त्यांनी फराळाच्या डब्यातले बेसनाचे पाच लाडू वेगळे काढून ठेवले होते. त्या बाई तिथंच होत्या, तीच पातेली, तीच बुटकी स्टुलं. त्यांनी आईंना लगेच ओळखलं. आईंनी डबा पुढं केला, तिथल्या रीतीप्रमाणं, दोन्ही हातांनी. त्यांनीही दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडलं आणि उभ्या-उभ्याच एक लाडू तोंडात टाकला.

यात काय आहे, असं त्यांनीही विचारलं नाही.

परत येताना मेट्रोत आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, “पुढच्या दिवाळीत कुठं जायचं गं?” वन्संना मी हे अजून सांगितलेलं नाही. हा अंक हातात पडला की त्या वाचतीलच!